दादाच्या अंगठीतली काच

मी तीस वर्षं शाळेत सायन्स शिकवलं. ग्रहणाच्या दिवशी मुलांना वर्गाबाहेर नेऊन काजळी धरलेल्या काचेतून सूर्य दाखवला आणि त्यांच्यासमोर डबा उघडून जेवले. एका पालकानं हेडमास्तरांकडे तक्रारही केली होती. हे सांगते अशासाठी, की मी कोणत्या जातकुळीची बाई आहे ते आधीच कळावं. इथे लोक लिहितात ते अघटित अनुभव मी आवडीनं वाचते, आणि वाचता वाचता प्रत्येकाला मनात एक उत्तर शोधून ठेवते — भास, ताप, योगायोग. बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

एक प्रसंग मात्र असा आहे की ज्याला मला उत्तर सापडलेलं नाही. तो मला कोणी सांगितलेला नाही... भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर घडला. तेव्हा मी बारा वर्षांची होते. आता ऐंशीच्या पुढे आहे, आणि त्या खोलीतलं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. म्हणून लिहिते.

आता मी आदिलाबादच्या वेशीवरच्या मावल्याला मुलाकडे राहते, पण आमचं मूळ घर आदिलाबाद गावात होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागे राहणं. बाबा सोनार. दागिने घडवणारे गावात बरेच होते, पण खडे बसवण्यात बाबांसारखा हात कोणाचा नव्हता. निजामाचं राज्य गेलं, मागोमाग जहागिऱ्या गेल्या, आणि मोठ्या घरांतले जुने दागिने मोडायला बाहेर येऊ लागले. भारी माल हैदराबादला जायचा, थोडासा आमच्याकडेही यायचा. त्यामुळे लहान गावातल्या सोनाराच्या पोरीनं सहसा पाहू नयेत असे खडे मी पाहिले.

माणिक, पाचू, पुष्कराज बाबा सरळ तळहातावर घेऊन दाखवायचे. नीलम मात्र चिमट्यानं धरायचे.

"हा पाह्य, मोराच्या मानेचा. हा जवसाच्या फुलाचा," असं म्हणून उजेडाकडे धरायचे. "अन हा काश्मीरचा. याच्यात पाण्यात दुधाचा थेंब पडल्यासारखं दिसते, पाह्य. आता असा माल येत नाही, तिथली खाण कवाच सरली."

नीलम शनीचा खडा. लाभला तर माणसाला गादीवर बसवतो, नाही लाभला तर चुलीतली राख करतो, असं सगळे म्हणायचे. म्हणून तो एकदम विकायची पद्धत नव्हती. गिऱ्हाईकानं आधी तीन दिवस निळ्या फडक्यात बांधून दंडाला लावायचा. तीन दिवसांत काही वाईट झालं तर परत आणून द्यायचा, सोनारानं एक शब्द न बोलता तो ठेवून घ्यायचा. बाजारहत्नूरच्या एका देशमुखानं सकाळी नेलेला नीलम त्याच संध्याकाळी परत आणला होता. वाटेत त्यांच्या दमणीचा बैल बसला तो उठलाच नाही म्हणे.

"बाबा, हे खरं असते?" मी विचारायची.

"दगड हाय तो दगड," बाबा हसायचे. "पण गिऱ्हाईक मानते, तं आपुनबी मानाचं."

हसायचे, पण चिमटा काही सोडायचे नाहीत.

माझा मोठा भाऊ माधव. मी त्याला दादा म्हणायची. आमच्या दोघांच्या मधली दोन भावंडं पाळण्यातच गेली होती, त्यामुळे मायचा सगळा जीव दादात. तो उर्दू शिकलेला, कलेक्टर कचेरीच्या मुहाफिजखान्यात कारकून होता — म्हणजे जिथे गावोगावचे जमिनीचे कागद लाल फडक्यांत बांधून ठेवतात तिथे. घरी आला की आधी चार शिंका द्यायचा. जुन्या कागदांची धूळ! मग मला पाटीवर माझं नाव उर्दूत काढून दाखवायचा. उजवीकडून डावीकडे 'कुसुम'. मला ते फार आवडायचं.

छप्पन साली भाषावार राज्यं झाली. आमच्या जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, आम्ही आंध्रात राहिलो. घरात मराठी बोलणारे आम्ही, बाजारात निम्मे लोक तेलुगू बोलणारे, आणि कचेरीत सगळे कागद उर्दूत... त्यांची वाटणी करायचं काम दादासारख्या पोरांवर आलं. कोणत्या गावाचा बस्ता, म्हणजे कागदांचं गाठोडं, कोणत्या राज्यात! सीमेवरच्या गावांचा मेळ घालायला तो दोन-तीन आठवडे बेज्जूरकडच्या जंगलात फिरत होता. चावडीत निजायचा, मिळेल ते खायचा. दिवाळीला आला तेव्हा त्याची गालफडं बसली होती.

दिवाळी झाली आणि हुकूम आला. राजुऱ्याचे बस्ते लॉरीत घालून दादानं तिकडे पोचवायचे, आणि पुढचा आदेश येईपर्यंत तिथेच राहायचं. पुढचा आदेश काय येणार ते सगळ्यांना माहीत होतं. मराठी कारकून तिकडच्या राज्यात घेणार होते.

माय जोशीबुवांकडे जाऊन आली. साडेसाती निघाली. उपाय — नीलम.

"बसवून द्या," ती बाबांना म्हणाली. "साऱ्या दुनियेले देता, आपल्या पोराले काऊन नाही?"

"त्याच्यानं काही होत नसते."

"होत नसते तं मंग घालाले काय हरकत?"

दोन दिवस माय जेवली नाही. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "बरं. देतो बसवून."

आता इथे मी साक्षीदार आहे. एका जहागीरदाराच्या घरातून चांदीची जाळी चढवलेली अत्तराची बाटली मोडायला आली होती. चांदी वितळवली, बाटली फुटली, तिचं निळं काचेचं झाकण मला खेळायला मिळालं होतं. गर्द निळं. मी त्यातून सूर्य पाहायची, कोंबड्या पाहायची. त्या दुपारी बाबांनी मला हाक मारली आणि ते झाकण मागितलं. मी दिलं. त्यांनी ते दोन तुकड्यांत कापलं, एक तुकडा साणेवर धरला आणि घासत बसले. मी पाणी घालत होते. पैलू पडत गेले तसा तो तुकडा अगदी नीलमासारखा दिसायला लागला.

"बाबा, ही तं काच आहे ना?"

"हाव. अन हे तुह्या मायले सांगाचं नाही."

"काऊन?"

त्यांनी तुकडा उलटवून दुसरी बाजू साणेला लावली. मग म्हणाले, "तिले नीलम पाह्यजे. अन मले माह्या पोराच्या बोटात नीलम नाही पाह्यजे."

काच तयार झाल्यावर त्यांनी मला भिंगातून पाहायला दिली. आत, एका कडेला, खसखशीच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा होता. काचेची ती खूण, असं बाबांनी समजावलं. तो बुडबुडा वरून दिसू नये म्हणून त्यांनी ती कड चांदीच्या काठाखाली दाबली. दाबताना हत्यार निसटलं आणि काठावर तांदळाएवढी खोच पडली. बाबांनी जीभ चावली. अंगठी खालून उघडी ठेवली होती, कारण खडा बोटाला लागला पाहिजे असं मायला माहीत होतं. उरलेला तुकडा मला परत मिळाला.

शनिवारी सकाळी मारुतीला जाऊन आल्यावर मायनं अंगठी दादाच्या मधल्या बोटात घातली. घालता घालता थबकली.

"अवो, तीन दिवस दंडाले बांधून पाहाचं असते ना आधी?"

"लागत नाही," बाबा म्हणाले. "घाल."

सोनारच म्हणतो म्हटल्यावर ती काय बोलणार? दादानं हात वर करून बोटं नाचवली. "माय, आता सांग शनिमहाराजाले, माधवची बदली रद्द करा म्हना!" सगळे हसलो. बाबा सगळ्यात जास्त हसले. एवढं मात्र आठवतं, की त्या दिवशी दादानं अर्धीच भाकरी खाल्ली. डोकं जड आहे म्हणाला.

रविवारी लॉरी निघाली. मागे लाल बस्त्यांचा ढीग, त्यावर दादा, आणि त्याच्याशेजारी कचेरीचा चपराशी लिंगन्ना. दादानं माझ्याकडे पाहून हवेत बोटानं उजवीकडून डावीकडे माझं नाव काढलं.

गुरुवारी लिंगन्ना एकटाच परत आला. दारात उभा राहिला, आत येईना. तो घरी तेलुगू बोलायचा आणि आमच्याशी दखनीत. मायनं विचारलं, "माधव कुठं हाय?" तर तो खाली बसला आणि डोक्यावरचा रुमाल काढून त्यात तोंड खुपसलं.

"माँ, इतवार की शाम से बुखार चढा, उतराच नहीं. दूसरे दिन, पीर को, हमना पहचानना छोड दिये. मंगल की दोपहर में गए."

तिथले लोक कोणाला ओळखत नव्हते, डॉक्टर दौऱ्यावर होता, आणि तारघरातून तार काही गेली नाही. अंत्यविधी तिथेच उरकला होता. अग्नी लिंगन्नानं दिला. "मेरे को माफ करना माँ, मैं ना तुम्हारी जात का ना बम्मन, पर दूसरा कोई नहीं था," असं तो म्हणत होता. खिशातून त्यानं फडक्याची पुरचुंडी काढली. आत अंगठी. "मैं खुद उतारा. किसी को हाथ नहीं लगाने दिया."

आम्हाला दादाचं तोंड दिसलं नाही. महिन्यापूर्वी राजुरा आमच्याच जिल्ह्यात होता. आपल्या घरचा मुलगा आपल्याच जिल्ह्यात फिरतीला गेला आणि परक्या राज्यात वारला... याचा हिशोब बारा वर्षांच्या मला लागेना. मी नुसती नकाशा घेऊन बसायची.

माय रडली नाही. तेरा दिवस ती कामं करत होती, येणाऱ्याजाणाऱ्यांना पाणी देत होती. अंगठी देवळीत ठेवली होती, तिच्याकडे पाहत नव्हती. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात आली. बाबा नुसतेच बसले होते. मी दारात.

"शनिवार," मायनं एक बोट दुमडलं. "रविवार. सोमवार. तीन दिवस झाले अन मंगळवारी माहं लेकरू गेलं. बराबर तीन दिवस."

"तसं नको म्हनू."

"मीच मांगतला तो खडा. मीच घातला माह्या हातानं. मी मारलं माधवले."

"सुंदर, ऐक..." बाबा तिला नावानं हाक मारत नसत, तेव्हा मारली.

"अन तुमी! तुमी साऱ्या जगाले तीन दिवस बांधाले सांगता. माह्या पोरालेच काऊन नाही सांगतलं? काऊन म्हनले, लागत नाही?"

"कारण तो नीलम नव्हता!"

बाबा ओरडले. मी त्यांना आयुष्यात एवढ्या मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. मग आवाज उतरला. "काच होती ती. मी तुले फसवलं. अत्तराच्या बाटलीचं झाकण होतं, ईच्चार कुसुमले. तुनं नाही मारलं त्याले. तापानं गेला तो. तुह्या हातानं फक्त काच घातली होती."

मायनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, आणि धावत जाऊन माझा उरलेला तुकडा घेऊन आले.

"आता पाह्य," बाबा म्हणाले. त्यांना जणू एकदम जीव आला होता. बायकोच्या छातीवरचा धोंडा आपण आत्ता काढतो, अशा घाईत ते होते. देवळीतून अंगठी आणली. कानस घेतली. आधी माझ्या तुकड्यावर ओढली. कर्र आवाज झाला, पांढरी पूड पडली, ठळक ओरखडा उमटला. "ही काच. आता ही बी पाह्य."

कानस अंगठीतल्या खड्यावर ओढली.

ती सरकली. आवाजच वेगळा. ओलसर गारगोटीवरून बोट घसरावं तशी सरकली.

बाबांनी खडा धोतराला पुसला आणि पुन्हा ओढली. पुन्हा. मग कानशीचं टोक दाबून. खड्यावर कानशीचंच लोखंड चकाकत राहिलं, त्यांनी अंगठ्यानं पुसलं तर खाली काही नाही. मग त्यांनी अंगठी उलटी धरून तिचा खडा माझ्या काचेवर ओढला. काचेला चर पडला. खोल.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. किती वेळ पाहत होते देव जाणे. मग भिंग माझ्याकडे दिलं. मी पाहिलं. चांदीच्या काठावरची तांदळाएवढी खोच तिथेच होती. त्या दिवशी हत्यार निसटून पडलेली. काठ कुठे उचकटलेला नव्हता. खालच्या उघड्या बाजूनं पाहिलं तर खोचेच्या खाली, जिथे बुडबुडा होता, तिथे बुडबुडा नव्हता. सगळ्या खड्यात पाण्यात दुधाचा थेंब पडल्यासारखं काहीतरी पसरलेलं होतं.

"कोंदण माह्या हातचं आहे," बाबा हळूच म्हणाले. "आतला खडा माह्या हातचा नाही."

आणि त्यांच्या हातातून अंगठी सुटली. ज्या हातांनी मोहरीएवढा हिरा बसवायचे ते हात. त्यांनी मायकडे पाहिलं... ते तोंड मला आजही सांगता येत नाही. तिची सुटका करायला निघालेला माणूस, आणि त्यानंच तिच्यासमोर तो खडा नीलमच असल्याचं सिद्ध करून दिलं होतं.

माय वाकली. अंगठी उचलली. दारातल्या उन्हात धरून बराच वेळ पाहिली.

"पडला ना ओरखडा," ती म्हणाली. "हा काय, दिसून राह्यला. बारीक आहे."

बाबा बघतच राहिले.

"काचच आहे," ती म्हणाली. "तुमच्या डोळ्यात पानी आहे, तुमाले दिसत नाही. ठेवा ती कानस. उठा, हात धुवा. दोन भाकरी टाकते."

मी नंतर ती अंगठी उन्हात धरून पाहिली. ओरखडा नव्हता.

आठवड्यानंतर बाबा मला बरोबर घेऊन एका म्हाताऱ्या सराफाकडे गेले. कुठली, कोणाची, काही सांगितलं नाही, फक्त अंगठी पुढे केली. म्हाताऱ्यानं ती हातात न घेता चिमटा मागितला. "काश्मिरी आहे," म्हणाला. "जुना माल. कुठं भेटला रे तुले?" बाबा म्हणाले, "घरचाच आहे." वाटेत मला म्हणाले, "मायले सांगाचं नाही." त्यानंतर त्यांनी एकही खडा बसवला नाही. जोडवी, वाळे, करदोडे, असलं चांदीचं साधं काम केलं आणि सहा-सात वर्षांत गेले.

आता तुम्ही विचाराल तेच प्रश्न मीही विचारले आहेत. कोणी बदलली असेल? नीलम काढून काच बसवणारे चोर जगात पुष्कळ आहेत, काच काढून नीलम बसवणारा मला अजून भेटलेला नाही. आणि तोही काठाला धक्का न लावता, तीच खोच ठेवून, पंधरा-सोळा दिवसांत. लिंगन्ना म्हातारा झाल्यावर मी त्याला भेटायला गेले होते. "उंगली से कपडे में, कपडे से तुम्हारे घर," एवढंच त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि दादाचं नाव काढून रडला. बाबांनी चुकून खरा खडा बसवला? मी स्वतः पाणी घालत होते, साणेवर काच झिजताना पाहिली आहे. बारा वर्षांच्या मुलीचा भास? मग हैदराबादच्या लॅबचा रिपोर्ट कोणाचा भास आहे? निवृत्त झाल्यावर मी अंगठी नेऊन टेस्ट करून घेतली. नैसर्गिक नीलम, कसलीही प्रक्रिया न केलेला.

दादाच्या मरणाला मात्र उत्तर आहे. तो मेंदूत गेलेला मलेरिया असणार. बेज्जूरकडच्या जंगलात डास चावला तो दिवाळीच्या आधी. अंगठी बोटात गेली तेव्हा ताप रक्तात पोचलेला होता, म्हणूनच भाकरी गेली नाही. हे मी मायला कितीदा समजावलं! ती ऐकायची, "हाव, तसंच असन" म्हणायची.

ती शेवटी माझ्याकडेच होती. जायच्या दोन-तीन महिने आधी, एका सकाळी ज्वारी निवडत बसली होती. मी शाळेच्या वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाली,

"कुसुम, मले तवा ओरखडा दिसला नव्हता."

मी पेन खाली ठेवलं.

"त्यायचं तोंड पाह्यलं अन म्हनलं. ते तिथंच सरले असते. माधव तं गेलाच होता." सुपातले खडे ती एकेक करून बाजूला टाकत होती. "जनमभर काच म्हनत राह्यली मी. कदी रडली नाही त्यायच्यासमोर. रडली असती तं त्यायले वाटलं असतं, हिले खरं माहीत आहे." सूप एकदा पाखडलं. "त्यायले समजलं तं नसन ना?"

सराफाच्या दुकानातून घरी येताना बाबांनी धरलेला माझा हात मला आठवला. वाटभर त्यांच्या घामानं ओला होता.

"नाही, माय," मी म्हणाले. "त्यायले शेवटपर्यंत काचच वाटली."

ती हं म्हणाली. मग सूप बाजूला ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि दादासाठी रडली. बत्तीस वर्षांनी, पहिल्यांदा, माझ्यासमोर. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

काचेचा नीलम कसा झाला, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर सांगा. पण खरं सांगू, हल्ली तो प्रश्न मला तितका छळत नाही. त्या दोघांनी एकाच घरात, एकमेकांना सांभाळायला, एकमेकांपासून ते लपवून ठेवलं, आणि दोघांना एकत्र बसून एकदाही रडता आलं नाही... दोन्हीकडचं माहीत असलेली मी एकटी होते, आणि मी गप्प बसले. त्याचंही उत्तर माझ्याकडे नाही.